डॉक्टर जॉन स्नो यांचे चरित्र व त्यापासून घ्यावयाचा बोध

ज्या पेढीच्या खतावणीत नफ्याच्या रकमा तेवढ्या मांडल्या जातात आणि बुडीत रकमांचा उल्लेखही होत नाही, त्या पेढीचे दिवाळे किती दिवस टळेल हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. हाच न्याय वैद्यकासही लागू आहे, ही गोष्ट मात्र आपल्या लोकांच्या मनात अद्याप ठसावी तशी ठसलेली नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोगी दगावला म्हणजे आप्त दैवास बोल लावतात, डॉक्टर रोग्याच्या नाजूक प्रकृतीकडे बोट दाखवतात, आणि प्रकरण स्मशानात संपते. मृत्यूचे खरे कारण कोणते व तो टळण्याजोगा होता काय, हा प्रश्न कोणाच्याच वहीत चढत नाही. तो ज्याने जन्मभर सोडला नाही, अशा एका पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जॉन स्नो यांचा जन्म 15 मार्च 1813 रोजी इंग्लंडातील यॉर्क शहरी एका मजुराच्या घरी झाला. नऊ भावंडांत ते वडील. चौदाव्या वर्षी त्यांस न्यूकॅसल येथे एका डॉक्टरकडे उमेदवारीस ठेवण्यात आले, आणि 1831-32 च्या पटकीच्या साथीत किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणीतील मजुरांची शुश्रूषा करण्याचे काम त्या अल्पवयी उमेदवाराच्या अंगावर पडले. 1836 साली ते लंडनास गेले आणि 1844 साली तेथील विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. कुळाचे पाठबळ नाही, द्रव्य नाही, वक्तृत्वही बेताचे. परंतु मोजल्यावाचून कोणतीही गोष्ट खरी मानावयाची नाही, हा त्यांचा बाणा होता.

16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ हुंगवून रोग्यास बेशुद्ध केले व शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पडली. दोन महिन्यांत ती विद्या लंडनास पोचली. परंतु एकास भूल चढे तर दुसऱ्यास ती मुळीच चढत नसे, आणि पुष्कळ डॉक्टर याचे खापर रोग्यांच्या प्रकृतिभेदावर फोडीत. स्नो यांनी दोष प्रकृतीत न शोधता वाफेत शोधला. हवा जितकी उष्ण तितकी ईथरची वाफ तीत अधिक मावते. तेव्हा उष्णमान ठाऊक नसेल तर रोग्याच्या छातीत किती औषध गेले हेही ठाऊक होणार नाही. 1847 च्या जानेवारीतच त्यांनी याचे कोष्टक प्रसिद्ध केले, पाण्यात बसवून उष्णमान राखता येईल असे यंत्र तयार केले, आणि त्याच वर्षी भुलेच्या पाच अवस्था वर्णन करणारा ग्रंथ लिहिला. रोगी किती खोल गुंगीत आहे हे श्वास, डोळे व स्नायू यांवरून ओळखण्याचे शास्त्र येथून पुढे वाढले.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. वापरावयास अत्यंत सोपा: रुमालावर ओतावा आणि नाकाशी धरावा. परंतु 1848 च्या जानेवारीत न्यूकॅसलजवळील एका गावी, पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची मुलगी काही मिनिटांतच मरण पावली. कॉरोनरपुढे चौकशी झाली. ज्यूरीने मृत्यू क्लोरोफॉर्मने झाल्याचे ठरविले व कोणासही दोषी धरले नाही. कायद्याचे काम तेथे संपले. आम्ही कायद्याचे अभ्यासक आहोत, म्हणूनच हे स्पष्टपणे सांगतो की, दोष कोणाचा हे ठरले म्हणजे कारण कळले असे होत नाही. ती मुलगी शुद्धीवर यावी म्हणून तिच्या तोंडात ओतलेल्या पाण्याने व ब्रँडीने ती गुदमरली, असे सिम्प्सन यांचे म्हणणे पडले. स्नो यांनी निराळेच उत्तर दिले. रुमालावर ओतलेल्या औषधाची किती वाफ हवेत मिसळते याचा काहीच अदमास राहत नाही; शेकडा पाचांहून अधिक वाफ असलेली हवा छातीत गेली तर हृदयच एकाएकी बंद पडण्याचा धोका असतो. प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी हे तपासले, आणि नंतर अशा पन्नास मृत्यूंची हकीकत जमवून एकेक प्रकरण पारखले.

स्वतःच्या कामाचीही ते रोजकीर्द ठेवीत. जुलै 1848 पासून अखेरपर्यंत कोणास, कोणत्या शस्त्रक्रियेसाठी, कशी भूल दिली व परिणाम काय झाला, हे त्यांच्या वह्यांत नमूद आहे. चार हजारांहून अधिक वेळा त्यांनी क्लोरोफॉर्म दिला. एप्रिल 1853 मध्ये व्हिक्टोरिया राणीस प्रसूतीच्या वेळी त्यांनीच तो दिला. प्रसववेदना सोसणे हे स्त्रीचे विहित कर्मच होय असे मानणाऱ्यांचा आवाज त्यानंतर पुष्कळ खाली आला. परंतु राणीच्या प्रसूतीहून आम्हांस त्यांची दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. ॲमिलीन नावाचे नवे औषध त्यांनी स्वतः प्रचारात आणले होते. ते दोनशेंहून अधिक रोग्यांस दिल्यावर 1857 साली दोघे रोगी त्यांच्याच हातून दगावले. स्नो यांनी ते मृत्यू लपविले नाहीत. ते प्रसिद्ध केले, आणि आपल्या हातचे औषध आपणच सोडून दिले. स्वतःच्या नावे तोटा टाकण्यास जी सचोटी लागते ती हीच.

हीच पद्धत त्यांनी पटकीसही लावली. 1854 च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे मेली. दूषित हवेने पटकी होते असे त्या वेळचे बहुतेक पंडित मानीत. स्नो घरोघर फिरले; मृतांपैकी बहुतेक एकाच पंपाचे पाणी पीत, हे त्यांस आढळले. त्याच भागातील गरिबांच्या कामगृहात (वर्कहाउस) स्वतंत्र विहीर होती व तेथील 535 जणांपैकी पाचच मेले. त्यांच्या सांगण्यावरून 8 सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तत्पूर्वीच ओसरू लागली होती, हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. पुढे शहराच्या दक्षिण भागास पाणी पुरविणाऱ्या दोन कंपन्यांचा त्यांनी ताळा घेतला. घाण मिसळलेले पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे 315 मृत्यू, तर नदीच्या वरच्या अंगाचे स्वच्छ पाणी देणाऱ्या कंपनीच्या घरांमागे 37. इतके होऊनही त्यांच्या हयातीत हे मत सर्वमान्य झाले नाही. क्लोरोफॉर्मवरील ग्रंथ संपवीत असतानाच त्यांस पक्षाघाताचा झटका आला व 16 जून 1858 रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. तो ग्रंथ त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला.

या वादाचा पुढचा अध्याय आपल्याच भूमीवर घडला. मराठवाडा ज्या राज्यात होता त्या निजामाच्या हैदराबादेत 1888 व 1889 साली दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. निजाम सरकारने त्यासाठी द्रव्य दिले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास बंद पडतो, हृदय कधीही आधी बंद पडत नाही, असा त्यांनी निर्णय दिला. तेथील मुख्य डॉक्टर लॉरी यांस आपल्या हातच्या हजारो निर्धोक शस्त्रक्रियांचा मोठा भरवसा होता. परंतु 1911 साली लेव्ही यांनी प्रयोगांनी दाखविले की क्लोरोफॉर्मखाली हृदय एकाएकी बंद पडू शकते. हृदयाविषयी स्नो यांनी दिलेला इशारा अशा रीतीने खरा ठरला, आणि पुढे क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून मागे पडला. आमच्या हातून कोणी मेला नाही, हे वाक्य कितीही अभिमानाने उच्चारले तरी ते मेलेल्यांच्या यादीची जागा घेऊ शकत नाही.

आमचे सांगणे एवढेच आहे. परक्यांची स्तुती करण्यासाठी हे चरित्र आम्ही लिहिले नाही. त्यांच्यातील एका मजुराच्या मुलाची शिस्त आपण उचलावी म्हणून लिहिले आहे. ज्या रुग्णालयांस आपण वर्गणी देतो व ज्यांस आपल्या कराचा पैसा जातो, त्यांनी शस्त्रक्रियेत, भुलेखाली अथवा अपघातानंतर झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद करावी, त्याची कारणे जाणत्यांच्या सभेत तपासावी, आणि वर्षाअखेर रोग्यांची नावे वगळून तो हिशेब लोकांपुढे मांडावा. लोकांनीही आपले कर्तव्य ओळखावे. मृत्यूचे वृत्त कळताच डॉक्टरवर धावून जाणारा जमाव आणि मृत्यूची वही दडविणारा चालक, हे दोघेही पुढच्या रोग्याचे सारखेच वैरी होत. कारण भयाने लिहिलेली वही खोटी असते व न लिहिलेली वही तर मुकीच. सावकाराचा हिशेब चुकला तर पैसे बुडतात. येथे हिशेब चुकला तर उद्या त्याच टेबलावर दुसऱ्याचे मूल निजेल. तेव्हा आमच्या नगरपालिकांच्या सभासदांनी व रुग्णालयांच्या विश्वस्तांनी येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.