रमाबाई रानडे आणि शिक्षिकेचे वेतन

मुलींसाठी शाळा काढल्या, तरी त्यांत शिकविणार कोण, हा प्रश्न उरतोच. रमाबाई रानडे यांच्या कार्याचे मोल या प्रश्नाच्या संदर्भात जोखले पाहिजे.

१८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा अकरा वर्षांच्या रमाबाईंना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यापायी त्यांचा छळ केला. शिकू पाहणाऱ्या स्त्रीला काय सोसावे लागते, हे त्यांना असे घरातच कळले.

१९०१ मध्ये वैधव्य आले. पुढे १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. तेथे स्त्रियांना शिक्षिका व परिचारिका होण्याचे रीतसर शिक्षण मिळू लागले. नातलगांच्या घरी आश्रित म्हणून राबणाऱ्या विधवेला स्वतःच्या वेतनाचा मार्ग खुला झाला आणि मुलींच्या शाळांना शिक्षिका मिळू लागल्या. एकाच संस्थेने दोन्ही गरजा भागविल्या.

पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विचार सुरू झाला, तेव्हा पैशाच्या अडचणीपोटी मुलींना तूर्त वगळावे, असे अनेकांचे मत पडले. रमाबाईंनी त्याविरुद्ध स्त्रियांना रस्त्यावर आणले. १९२४ साली त्या निवर्तल्या. तिजोरीत खडखडाट असला की कात्री प्रथम कोणाच्या शिक्षणाला लागते, हा त्यांनी विचारलेला प्रश्न प्रत्येक अंदाजपत्रकाला आजही विचारावा लागतो.