वॉल्डनकांठचें घर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, बॉस्टन शहरापासून सुमारें वीस मैलांवर, काँकर्ड नांवाचें गांव आहे. व गांवापासून दीड मैलावर रानांत वॉल्डन हें तळें आहे. सन १८४५ च्या मे महिन्याच्या आरंभीं या तळ्याच्या कांठीं एका लहानशा घराचा सांगाडा उभा करण्यास कांहीं स्नेही मंडळी जमली. चरित्रकार जीं नांवें देतात त्यांत प्रख्यात तत्त्वचिंतक एमर्सन, शिक्षक ऑल्कट, कवि चॅनिंग आणि आपल्या मुलांसह आलेला हॉस्मर हा शेतकरी, हीं आहेत. एका झोंपडीवजा घराच्या खांबांना इतक्या विद्वानांचे हात लागल्याचें उदाहरण विरळाच. घरधनी हेन्री डेव्हिड थोरो त्या वेळीं २७ वर्षांचा होता. हें काम त्याला एकट्यालाहि झेपलें असतें. शेजारधर्माला एक चांगला प्रसंग मिळावा म्हणूनच त्यानें मंडळींस बोलाविलें होतें.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजीं काँकर्ड येथेंच झाला. वडील शिसपेन्सिली करीत. १८३७ सालीं हार्वर्डची पदवी घेऊन तो गांवच्या शाळेंत शिक्षक झाला. परंतु मुलांना छडी मारलीच पाहिजे असा आग्रह होतांच दोन आठवड्यांत त्यानें जागा सोडली. (आम्हां शिक्षकांपैकीं किती जण असें करतील, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं आम्हांस न विचारलेलाच बरा!) पुढें वडील बंधु जॉन याच्यासह त्यानें स्वतःची शाळा चालविली. मुलांना घेऊन हे दोघे रानावनांत हिंडत. १८३९ त दोघां भावांनीं स्वतः बांधलेल्या होडींतून नदीप्रवास केला. १८४२ च्या जानेवारींत वस्तऱ्यानें बोट कापल्याचें निमित्त होऊन जॉन धनुर्वातानें वारला. त्या नदीप्रवासाचें पुस्तक लिहून भावाचें स्मरण ठेवावें, ही ओढ हेन्रीला लागली होती व त्यासाठीं निवांत जागा हवी होती. तळ्याकांठची जमीन एमर्सनची होती. ती त्यानें वापरूं दिली.

मार्चच्या अखेरीस थोरो उसनी कुऱ्हाड घेऊन रानांत गेला. तळ्यावरचें बर्फ अजून पुरतें वितळलें नव्हतें. उंच, सरळ पाइन वृक्ष पाडून त्यानें खांब, तुळया व वासे तासले. जेथें जरूर नव्हती तेथें साल तशीच ठेविली. एका लांकडास खांच पाडून तींत दुसऱ्याचें टोंक बसवावयाचें, असें काम आठवडे चाललें. घाई मुळींच नव्हती. दुपारीं पाडलेल्या हिरव्या फांद्यांवर बसून तो लोणीपाव खाई, आणि ज्या वर्तमानपत्रांत तो बांधून आणलेला असे तेंच वाची. हातांस राळ चिकटलेली असल्यामुळें पावालाहि पाइनचा वास येई. कुऱ्हाड परत केली ती आणली त्याहून अधिक धारदार करून.

फळ्यांसाठीं त्यानें जेम्स कॉलिन्स नांवाच्या आयरिश रेल्वे-मजुराची झोंपडी ४ डॉलर २५ सेंटांस विकत घेतली. अट अशी कीं, कॉलिन्सनें दुसऱ्या दिवशीं पहाटे पांच वाजतां घर सोडावें व सहा वाजतां थोरोनें ताबा घ्यावा. सहा वाजतां तें कुटुंब त्याला रस्त्यावर भेटलें. बिछाना, कॉफीची चक्की, आरसा, कोंबड्या, सारा संसार एका गांठोड्यांत मावला होता. मांजर तेवढें मागें राहिलें. तें रानटी झालें व पुढें सापळ्यांत सांपडून मेलें. थोरोनें खिळे उपटून फळ्या लहानशा गाडीनें तळ्याकडे नेल्या व गवतावर उन्हांत पसरून त्यांचा बांक काढला. मध्यंतरीं एका शेजाऱ्यानें चांगले सरळ खिळे निवडून खिशांत घातले, हीहि नोंद त्यानें ठेविली आहे. एका माणसाला मनासारखें राहतां यावें म्हणून लागलेल्या फळ्या कालपर्यंत दुसऱ्याच्या लेंकराबाळांवरील छप्पर होत्या, या ठिकाणीं वाचतांना मला नेहमीं थांबावें लागतें. थोरोचें लक्ष मात्र लवकरच फळ्यांकडे वळतें. आयरिश मजुरांविषयीं त्याच्या लेखनांत मधून मधून जो कठोरपणा दिसतो तो त्याला शोभत नाहीं.

४ जुलै १८४५ रोजीं तो तेथें राहावयास गेला. भिंतींना गिलावा नव्हता, धुराडें नव्हतें. सकाळीं उघड्यावर विस्तव करून तो पाव भाजीत असे. पाऊस आलाच तर विस्तवावर दोनचार फळ्या आडव्या लावून त्यांखालीं पाव राखीत बसे. शरदृतूंत जुन्या विटांचें धुराडें झालें, व थंडीपूर्वीं गिलावाहि झाला. घर १५ फूट लांब व १० फूट रुंद. आंत तीन खुर्च्या. एकंदर खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट! हार्वर्डच्या विद्यार्थ्याला नुसत्या खोलीचें वर्षाचें भाडें ३० डॉलर पडे. एखाद्या वस्तूसाठीं आयुष्याचे किती दिवस द्यावे लागतात, हें थोरो पैशांच्याहि आधीं मोजी. मात्र जमीन फुकट होती व स्वतःची मजुरी धरलेली नाहीं, हें त्याचा हिशेब तपासणाऱ्यानें विसरूं नये.

पहाटे तो तळ्यांत स्नान करी. अडीच एकरांत मुख्यतः घेवडा लाविला होता. त्याच्या ओळी एकापुढें एक मांडल्या तर सात मैल भरत, आणि दंवांत अनवाणी उभें राहून तो त्या निंदी. उन्हाळ्यांतील एखाद्या सकाळीं सारें काम बाजूस ठेवून तो दुपारपर्यंत दारांत उन्हांत नुसता बसून राही. सायंकाळीं होडींत बांसरी वाजवी तेव्हां मासे होडीभोंवतीं घोटाळत. त्याच्या वाचनांत आपल्या देशांतील भगवद्गीताहि होती, विल्किन्सच्या इंग्रजी भाषांतरांत. १८४६-४७ च्या हिवाळ्यांत सुमारें शंभर आयरिश मजूर येऊन तळ्यावरचें बर्फ कापूं लागले. त्या काळीं तिकडील बर्फ जहाजानें कलकत्ता, मद्रास व मुंबईपर्यंत येई. आपल्या तळ्याचें पाणी या शहरांतील लोक पितात, या कल्पनेनें थोरोला मोठी मौज वाटली.

तो संन्यासी मात्र नव्हता. गांवांत वरचेवर जाई, आईच्या घरीं जेवी. १८४६ च्या जुलैंत, गुलामगिरीस आश्रय देणाऱ्या सरकारास कर देण्याचें नाकारल्यामुळें त्यानें एक रात्र तुरुंगांत काढली. त्यावरील १८४९ चा निबंध पुढें दक्षिण आफ्रिकेंत महात्मा गांधींच्या वाचनांत आला.

६ सप्टेंबर १८४७ रोजीं त्यानें तळें सोडलें. भावाच्या स्मरणाचें पुस्तक १८४९ त निघालें. छापलेल्या १,००० प्रतींपैकीं ७०६ न खपतां १८५३ त त्याच्याच घरीं परत आल्या, व त्या त्यानें पाठीवर वाहून माडीवर नेल्या. 'वॉल्डन' १८५४ त प्रसिद्ध झालें. ६ मे १८६२ रोजीं, वयाच्या ४४ व्या वर्षीं, क्षयानें त्याचा अंत झाला.

तें घर एका शेतांत हलवून त्यांत धान्य ठेवीत असत. पुढें तें मोडलें, व कॉलिन्सच्या फळ्या पुन्हां दुसऱ्या बांधकामांत गेल्या. १९४५ सालीं, घराला शंभर वर्षें झालीं तेव्हां, रोलंड रॉबिन्स यानें तळ्याकांठीं खणून पाहिलें. त्याला धुराड्याचा पाया सांपडला. आतां तेथें दगडी खांब रोवून घराची जागा दाखविली आहे.