नोटेवरच्या आजीबाई

बँकेची नोकरी संपली तरी हाती आलेली नोट उलटसुलट करून उजेडासमोर धरण्याची खोड काही जात नाही. काही वर्षांपूर्वी ॲडलेडला राहणाऱ्या माझ्या पुतणीने गंमत म्हणून पाच डॉलरची एक प्लॅस्टिकची नोट आणून दिली. ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याला १०० वर्षे झाली म्हणून २००१ साली काढलेली. एका बाजूला हेन्री पार्क्स हे जुने राजकारणी, दुसऱ्या बाजूला एक वयस्क बाई. या कोण, ते पुतणीला सांगता येईना. मग मीच शोध घेतला. बाई कादंबरीकार निघाल्या आणि वडील बँकवाले! म्हणजे दोन्हीकडून आमच्याच गोतावळ्यातल्या.

कॅथरीन हेलन स्पेन्स यांचा जन्म १८२५ चा, स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावाजवळचा. वडील वकीलही होते आणि बँकरही. गव्हाच्या व्यवहारातला सट्टा अंगाशी आला, घर बसले आणि १८३९ मध्ये सारे कुटुंब बोटीने दक्षिण ऑस्ट्रेलियात आले. मुलीचे वय १४. शिकण्याची हौस मोठी, पण पुढचे शिक्षण राहिले ते राहिलेच. वडील ॲडलेडच्या नव्या नगरपालिकेचे पहिले टाऊन क्लार्क झाले. तिथल्या १८४० च्या निवडणुकीत एक वेगळीच सोय होती. ठरावीक संख्येने मतदार एकत्र आले, तर बाकीच्यांच्या मर्जीवाचून त्यांना आपला एक सभासद पाठवता येई. पोरवयात पाहिलेली ही गोष्ट बाईंना जन्मभर पुरली.

वडील १८४६ मध्ये गेले. मुले शिकवून कॅथरीन घराला हातभार लावत होत्या आणि उरलेल्या वेळात लिहीत होत्या. 'क्लारा मॉरिसन' ही त्यांची पहिली कादंबरी १८५४ मध्ये लंडनला छापली गेली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. मानधन ४० पौंड ठरले होते. मजकूर कमी करण्याचा खर्च म्हणून प्रकाशकाने त्यातले १० पौंड कापून घेतले. (आपल्याच लेखनाला कात्री लागली, त्याचे पैसेही आपणच द्यायचे! यावर अधिक बोलण्याचा मोह आवरतो.)

१८५९ मध्ये एका मासिकात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिल यांचा लेख वाचला. विषय होता टॉमस हेअर या इंग्रज वकिलाची मतदानाची योजना. समजा १०० मतदारांपैकी ४० जणांनी एकाला मत दिले आणि उरलेल्या ६० जणांची मते दोघांत ३५ आणि २५ अशी फुटली. निवडून येतो ४० वाला. पुढच्या खेपेला ते २५ जण शहाणे होतात, आवडता उमेदवार सोडून नाइलाजाने मोठ्यांपैकी एकाच्या मागे जातात, आणि लहान पक्ष तिथेच संपतो. हेअर यांचे म्हणणे, मतदाराने नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालावेत आणि एका मोठ्या मतदारसंघातून अनेक सभासद निवडावेत. ठरलेल्या कोट्याहून जास्त पडलेली मते आणि तळाच्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे जावीत. मी हे बँकेच्या भाषेत समजून घेतले: एक खाते बंद झाले तरी रक्कम बुडत नाही, ग्राहकाने लिहून दिलेल्या दुसऱ्या खात्यात ती वळती होते.

बाईंनी १८६१ मध्ये यावर पुस्तिका लिहिली. छपाईचा खर्च जॉन या भावाने सोसला. कुणी फारसे हलले नाही. १८६५ मध्ये इंग्लंडला जाऊन त्या हेअर आणि मिल या दोघांनाही भेटून आल्या. परत आल्यावर मात्र दुसरीच कामे पुढ्यात आली. अनाथ मुलांना सरकारी आश्रमात कोंडण्यापेक्षा चांगल्या घरांत ठेवावे, या चळवळीत त्यांची वर्षे गेली. लग्न केले नाही, तरी आईबाप गेलेल्या मुलांचे तीन संच त्यांनी घरी वाढवले.

जुना विषय त्यांनी पुन्हा नेटाने हाती घेतला तो १८९२ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी. गावोगाव सभा घेत, श्रोत्यांना नमुन्याच्या मतपत्रिका वाटत आणि त्यांच्यादेखत मोजून दाखवत. १८९३ मध्ये अमेरिकेतही भाषणे देऊन आल्या. १८९४ च्या अखेरीस दक्षिण ऑस्ट्रेलियात स्त्रियांना मताचा हक्क मिळाला आणि १८९७ मध्ये संघराज्याची घटना लिहिणाऱ्या परिषदेसाठी त्या स्वतः उभ्या राहिल्या. निवडणूक लढवणारी ऑस्ट्रेलियातली पहिली स्त्री. जागा १०, उमेदवार ३३, बाईंचा क्रमांक २२ वा. मतदान अर्थात त्यांच्या पद्धतीचे नव्हते.

१९१० मध्ये त्या गेल्या. कनिष्ठ सभागृहासाठी पसंतीक्रम आला १९१८ मध्ये, तोही दोन पक्षांत फुटणारी मते सावरण्यासाठी आणि एका मतदारसंघाला एकच जागा ठेवून, म्हणजे बाईंच्या दृष्टीने अर्धाच. सिनेटसाठी त्यांच्या मनासारखी पद्धत १९४९ च्या निवडणुकीत वापरली गेली.

आपल्याकडे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पसंतीक्रम आहे. १९६९ मध्ये आमचे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख तिसरे आले. त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बहुतांशी संजीव रेड्डींना गेली. रेड्डी ३,१३,५४८ वरून ४,०५,४२७ वर पोचले, पण गिरी ४,२०,०७७ वर होते.

२०२५ च्या मे महिन्यात पुतणीचे तिकडचे पहिले मतदान होते. तिला एक लहान पक्ष आवडतो, पण मत फुकट जाईल म्हणून मोठ्यांपैकी एकाला द्यावे का, असे तिने फोनवर विचारले. मी म्हटले, १ चा आकडा आवडीलाच घाल. मात्र मत बहुधा शेवटी दोन मोठ्यांपैकी एकाकडे जाऊन थांबेल, तेव्हा त्या दोघांतला क्रम नीट ठरव. मतदान केंद्राबाहेर पक्षांचे लोक क्रम छापलेली पत्रके वाटतात, ती मुकाट्याने उतरवून काढणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही. मेलबर्न मतदारसंघात २०१० मध्ये ग्रीन्स पक्षाचे ॲडम बँट पहिल्या पसंतीत मागे असूनही तिसऱ्याच्या मतांवर निवडून आले होते, तेही तिला सांगितले.

त्याच मेलबर्नमध्ये या खेपेला बँट पहिल्या पसंतीत पुढे राहिले आणि पुढच्या पसंतीच्या मतांनी पडले. पुतणीचा फोन आला तो मात्र निकालाआधीच. पहिला क्रमांक ठरवायला तिला एक मिनिट लागले होते. सगळ्यात खाली कोण, यावरून नवऱ्याशी अर्धा तास भांडण झाले.