कापसाच्या तेजी-मंदीचा शेठ : प्रेमचंद रायचंद

आपल्या कापसाचा भाव परदेशी बाजार पाहून ठरतो, हे आपण दर हंगामात अनुभवता. ही गोष्ट नवी नाही. मुंबईचे कापूस दलाल प्रेमचंद रायचंद यांचे आयुष्य पाहिले की ती नीट समजते.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ चा, सुरतचा. लहानपणीच ते मुंबईत आले आणि इंग्रजी शिकले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले व दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना बहुतेक रुई तिथूनच मिळत असे. त्यांनी भारताकडे धाव घेतली. वऱ्हाड, खानदेश व गुजरातच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला.

तेव्हा लिव्हरपूलचे भाव जहाजाने कळत. प्रेमचंद समुद्रात होड्या पाठवून ही बातमी इतरांआधी मिळवत, असे सांगतात.

भाव चढताच कचरा मिसळलेला मालही वाढला. १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

तेजीचा पैसा बँका आणि समुद्रात भराव टाकणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये गेला. या सट्ट्यात प्रेमचंद सर्वांत पुढे होते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले आणि कापूस कोसळला. १ जुलैला वायदे पुरे होईनात. पुढे बँक ऑफ बॉम्बे बुडाली, प्रेमचंदही बुडाले. ते पुन्हा व्यापारात उभे राहिले व १९०६ मध्ये वारले. तेजीत त्यांनी दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. राजाबाई हे त्यांच्या आईचे नाव.

शेतकऱ्याचे काय झाले? तेजीत सावकाराकडे त्याची पत वाढली, तसे कर्जही वाढले. भाव उतरले, कर्ज तसेच राहिले. १८७५ मध्ये पुणे व नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यामागे हेही एक कारण होते.

आपण काय लक्षात ठेवावे?

• तेजीचा भाव कायम धरून कर्ज काढू नका.
• सर्व माल एकाच भावाच्या आशेवर रोखू नका; टप्प्याटप्प्याने विका.
• दव सुकल्यावर वेचणी करा. कवडी व पालापाचोळा वेगळा ठेवा. मंदीतही स्वच्छ, कोरड्या कापसाला गिऱ्हाईक मिळते.