गिटार न येणाऱ्या माणसाने रॉकला आवाज कसा दिला? लिओ फेंडरची गोष्ट

लाईव्ह शोमध्ये गिटारिस्टच्या मागे ठेवलेला चौकोनी खोका कधी नीट पाहिलाय? त्यावर अनेकदा एकच नाव असतं, फेंडर. गंमत म्हणजे हे ज्याचं नाव, त्या लिओ फेंडरला गिटार वाजवताच येत नव्हती!

लिओचा जन्म १९०९ चा, कॅलिफोर्नियातला. घरची संत्र्यांची बाग. लहानपणी आजारात एक डोळा गेला, तिथे काचेचा बसवला. शिकला अकाउंटिंग, पण मंदीत नोकरी गेली. मग १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

दुकानात वादकही आपले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आणायचे. त्यांच्या अडचणी ऐकता ऐकता लिओ स्वतःच अ‍ॅम्प बनवू लागला. १९४६ मध्ये फेंडर कंपनी उभी राहिली.

आता हा कॉम्बो अ‍ॅम्प म्हणजे काय? अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. गिटारमधून येणारा क्षीण सिग्नल ते मोठा करतात. क्षमतेपलीकडे ताणलं की आवाज फाटतो, पण कानाला गोड लागतो.

लिओला मात्र स्वच्छ आवाज हवा होता. १९५२ मध्ये त्याने आपल्या नव्या बेस गिटारसाठी 'बेसमन' अ‍ॅम्प आणला. पुढे त्यात १० इंचांचे चार स्पीकर आले आणि गिटारवाल्यांनीच तो उचलला. त्यांना तो फाटलेला आवाज आवडला! लंडनमध्ये जिम मार्शलच्या टीमने १९६० च्या दशकात पहिला अ‍ॅम्प बनवला, तोही बेसमनच्या सर्किटवरूनच.

इकडे लिओला जुन्या इन्फेक्शनने पोखरलं होतं. आपण फार जगणार नाही असं वाटून त्याने १९६५ मध्ये कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएसला विकली. पुढे डॉक्टर बदलला आणि तो बरा झाला! पण कंपनी हातची गेली होती, आणि स्वतःचं नावही तिच्यासोबतच.

तो रडत बसला नाही. आधी म्युझिक मॅन, मग जी अँड एल, असं पुन्हा काम सुरू केलं. पार्किन्सन्स झाला तरी थांबला नाही. १९९१ मध्ये तो गेला, पण जुन्या फेंडर अ‍ॅम्पसाठी वादक आजही भरपूर पैसे मोजतात.