बालगंधर्वांची गानरुची

खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली पडले. त्याच्याही आधीची ही हकीकत आहे. जळगाव शहरी मेहबूबखाँ या उस्तादांपुढे एक लहान मुलगा गाणे शिकावयास बसत असे. त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. मुलगा मूळचा खानदेशातला नव्हे; त्याचा जन्म २६ जून १८८८ रोजी सांगलीकडील नागठाणे या गावी झाला. शिक्षणाच्या निमित्ताने तो जळगावास आला होता. ख्यालगायनाचे पहिले संस्कार त्याच्यावर घडले ते येथे.

साऱ्या महाराष्ट्राने ज्यांना पुढे बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतले, ते हेच. १८९८ साली लोकमान्य टिळकांनी पुण्यास या दहा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकून त्याला गंधर्वाची पदवी दिली, आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटले.

गाणाऱ्याला गळ्याइतकाच कानही लागतो. आणि नेमके कानाचेच दुखणे नारायणरावांना जडले. दुसऱ्याचा सूर ऐकूच आला नाही, तर आपला सूर जुळावा कसा? कोल्हापूरचे शाहू महाराज गुणी माणसांचे चाहते होते. त्यांनी मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्यावर उपचार करविले. १९०५ साली नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले.

तेथे त्यांना भास्करबुवा बखले हे गुरू लाभले. फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन थोर गवयांची विद्या बुवांनी कष्टाने संपादन केली होती. एकाच घराण्याचा अभिमान धरून दुसऱ्याला तुच्छ लेखणे हा अनेक गवयांचा स्वभाव. बुवा त्यातले नव्हते. जे चांगले ते घ्यावे, ही त्यांची वृत्ती शिष्यातही उतरली. नारायणरावांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभारली, आणि १९१६ साली तिने ‘स्वयंवर’ नाटक रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना चाली बुवांच्या होत्या. जे राग तोवर मैफलीतच ऐकू येत, ते आता रुक्मिणीच्या तोंडून थिएटरात शिरले. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकही ते गुणगुणत घरी जाऊ लागले.

मात्र ‘एकच प्याला’ या नाटकाला भारदस्त ख्याल मानवणारा नव्हता. दारूपायी संसार उद्ध्वस्त झालेली सिंधू तानांचा पाऊस कशी पाडील? १९१९ साली हे नाटक आले, तेव्हा त्यातील चाली सुंदराबाई जाधव यांच्याकडून घेतल्या होत्या. ठुमरी-गझलांच्या अंगाने जाणाऱ्या त्या हळुवार चालींत सिंधूचे दुःख नेमके मावले. गायिकेकडून चाली घेण्यात गंधर्वांना कमीपणा वाटला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

साथसंगतीतही त्यांची आवड चोखंदळ होती. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असे नामांकित वादक त्यांनी आपल्या मंडळीत आणले. नाटकाच्या थाटामाटापायी डोक्यावर कर्ज झाले, तरी सुरांच्या बाबतीत त्यांनी काटकसर केली नाही. व्यवहार त्यांना साधला नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे.

१९३१ साली ‘कान्होपात्रा’ नाटक आले. मंगळवेढ्याच्या या संत स्त्रीची कथा अभंगांवाचून सांगता येणारी नव्हती. चाली दिल्या भास्करबुवांचेच शिष्य मास्तर कृष्णराव यांनी. आषाढीला मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईची पालखी पंढरीस निघते, तेव्हा वाटेत टाळमृदंगावर अभंग ऐकू येतात. त्याच अभंगाला येथे रागदारीची जोड मिळाली. भजनाच्या साध्या चालीत ख्यालाची आलापी आणि ठुमरीची आर्जवी लकेर अशी काही मिसळली, की कोणती कोठून आली हे सांगणे जाणकारांनाही कठीण जावे.

पुढे भजनाकडेच त्यांचा ओढा वाढत गेला. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले. परंतु कॅमेऱ्यापुढे त्यांचे मन रमले नाही, आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तोवर पायांतील बळ गेले होते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. उभे राहणे अशक्य झाल्यावरही ते बसून भजने गात.