साचेखात्याचे दार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. मला मात्र त्यातले गिरणीचे पान सर्वांत मोलाचे वाटते.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. पुढच्याच वर्षी ते बडोदा संस्थानात अधिकारी झाले, तर कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर दुरूनच फायली फेकीत! नंतर ते बॅरिस्टर झाले. माणसाची रीत आणि कायदा, दोन्ही त्यांनी जवळून पाहिले.

मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. पण अस्पृश्यांना तेथे मज्जाव. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळाची भीती. असा कोणताही कायदा नव्हता. सवर्ण कामगारच ही रीत पाळीत आणि मालक गप्प बसत. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हे दार उघडण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरली. एकजुटीची हाक चालू असताना असा प्रश्न विचारायला धैर्यच लागते.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले.

राज्यघटनेच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधी दिली; खासगी गिरणीला ते लागू नव्हते. अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम मात्र सर्वांना बांधते. त्याला धरून १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी कुणाच्या धंद्या-व्यवसायात आडकाठी आणणे गुन्हा ठरले. पुढच्या वर्षी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.